जवायाचा बॉल हलत नाही

नागपूर,
२८ नोव्हेंबर २०२४

जितेंद्र यास,

जयभीम.

पाकीट बघून दचकू नकोस. गोल्फ टूरच्या शिस्त समितीने माझा राग उतरवायला एक बाई नेमल्या आहेत, शोभाताई. ज्याच्यावर राग आहे त्याला फोन करायचा नाही, हाताने पत्र लिहायचं, असं त्यांचं औषध. शिवी तोंडातून आपोआप निघते, कागदावर काढायची तर आधी पेनाचं टोपण उघडावं लागतं. तेवढ्या वेळात माणूस सुधारतो म्हणे. मी टोपण उघडून बसलो आहे. अजून काही फरक नाही.

समितीची अट तुला ठाऊक आहे. मी तुझी लेखी माफी मागायची, तू ती पटली असं कळवायचं, मग माझी बंदी उठणार. फेब्रुवारीत पुढच्या हंगामाची पात्रता स्पर्धा आहे. ती हुकली तर एक्केचाळिसाव्या वर्षी मला परत कोण खेळायला बोलावतो? तेव्हा मागतो.

स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी, आपण दोघांनी पोरपणी जिथे सेठ लोकांच्या बॅगा वाहिल्या त्याच मैदानावर, सतराव्या होलला मी माझा पुटर गुडघ्यावर काठीसारखा मोडला. दोन्ही तुकडे तळ्यात फेकले. तुझं स्कोअरकार्ड माझ्याकडे होतं, त्यावर सही करायला नकार दिला. शेवटी टोपी काढून हात मिळवायचा असतो, तोही मिळवला नाही. या सगळ्याबद्दल मी दिलगीर आहे. पुटर चांगला होता.

आता उरलेलं. तुझा बॉल लांब गवतात होता. तू क्लबचं डोकं त्याच्या मागे टेकवलंस आणि बॉल हलला. अंगठाभर. आपल्यामुळे हलला तर एक फटका दंड, आणि तो ज्याचा त्याने कबूल करायचा. चोरही आपणच, पोलीसही आपणच, म्हणून तर याला सभ्य माणसांचा खेळ म्हणतात. मी म्हटलं, "जित्या, हलला गा." तू लग्नातल्या वरबापासारखा माझ्याकडे पाहून म्हणालास, "नाही हलला." रेफरी आला. कॅमेरा नव्हता, दुसऱ्या कोणी पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, मग खेळाडूचा शब्द अंतिम. तू एका फटक्याने जिंकलास आणि त्या एका फटक्याच्या मागे मी उभा होतो.

घरी आलो तर आई दारातच. "चार लोकांत जवायाले खोटं पाडलं तू?"

म्हटलं, "आई, बॉल हलला."

"हलला असन. जवायाचा हाय नं?"

तू मेघाशी लग्न केलंस त्याच दिवशी आईने मला बजावलं होतं, आजपासून जित्याले 'तुम्ही' म्हणायचं. मैदानावर खेळाडूचा शब्द अंतिम, घरी जवायाचा. तू दोन्ही आहेस. मी अपील कुठं करू?

मेघाला विचारलं म्हणून सांग.

प्रीतम


पुणे,
८ डिसेंबर २०२४

प्रिय प्रीतम,

सप्रेम जयभीम.

तुझे पत्र मिळाले. मेघानेच टपालातून आणून दिले. आम्ही दोघांनी चहा घेता घेता वाचले आणि खूप हसलो. तुझी विनोदबुद्धी शाबूत आहे याचा आनंद वाटला.

माझ्या मनात काहीही नाही. पराभव पचवता येतो, विजय पचवता येतो. राग मात्र माणसालाच पचवतो, हे या खेळाने मला शिकवले. तुझ्या रागाचे मूळ आपल्या बालपणीच्या ओढाताणीत असावे असे मला वाटते. अर्थात माझेही बालपण तेच होते. पण त्यातून वर यायचे की त्यातच राहायचे हे आपण ठरवायचे असते. मी मैदानावर कधी आवाज चढवला नाही. घरीही नाही. मेघाला विचार.

तुला कळले असेलच, आपल्या नागपूरच्या क्लबने मला यंदाचा खेळभावना सन्मान जाहीर केला आहे. १९ जानेवारीला, रविवारी, समारंभ आहे. त्या दिवशीच्या प्रसंगात मी दाखवलेल्या संयमाबद्दल, असे पत्रात म्हटले आहे. मला संकोच वाटतो, पण संस्थेचा मान राखायला हवा.

तुझी माफी मात्र आहे तशी समितीकडे पाठवता येणार नाही. पुटरबद्दलचे वाक्य काढ. चेंडूविषयी तू जे लिहिले आहेस तेही काढ. वारा असतो, गवत डोलते, चाळिशीनंतर डोळ्यांचाही भरवसा नसतो. एकदा तपासून घे. डॉक्टर मी सुचवतो.

तुझा,
जितेंद्र


नागपूर,
१५ डिसेंबर २०२४

जितेंद्र,

जयभीम.

डोळे तपासले. डॉक्टर म्हणाला, दूरचं उत्तम दिसते, जवळचं अंधुक. म्हणजे गवतातला बॉल दिसतो, छापलेला सन्मान दिसत नाही.

बंदी आहे तोवर पोटासाठी शिकवणी धरली आहे. गांधीबागेतले ताराचंद सेठ, ठोक कापडवाले. डॉक्टरने चालायला सांगितलं म्हणून गोल्फ शिकून राहिले. त्यांचा बॉल झाडामागे गेला की बुटाच्या टोकाने रोज हलतो. मी पाहतो. मी पाहिलं हे ते पाहतात. मग म्हणतात, "मास्टर, थान नापते वक्त अंगूठा थोडा खिसकताच है." सेठचा हिशेब सरळ आहे. तो बॉलही सरकवतो आणि अंगठाही कबूल करतो. त्याला कोणी सन्मान देत नाही.

मेघाला विचार म्हणतोस. विचारलं असतं, पण फोनवर ती "हो, बरं आहे, ठेवते" याच्यापुढे जात नाही. तुझ्या संगतीने तीही सभ्य झालेली दिसते. लग्नाआधी शेजारणीने नळावर आपली घागर पुढे सरकवली तर ही अख्खी वस्ती गोळा करायची. तिच्या तोंडाला कुलूप लावणारा माणूस साधा नव्हे. त्यासाठी तुला वेगळा सन्मान द्यायला पाहिजे.

माफीचा दुसरा मसुदा: मी चिडलो, मोडतोड केली, हात मिळवला नाही, याची बिनशर्त माफी मागतो. जे पाहिलं त्याची मागत नाही. पुटरचं वाक्य काढलं आहे, मनावर दगड ठेवून.

प्रीतम


पुणे,
२४ डिसेंबर २०२४

प्रिय प्रीतम,

सप्रेम जयभीम.

उत्तराला उशीर झाला, कारण घरात जरा गडबड होती. तुझे पत्र आले त्याच दिवशी मेघा ओल्या फरशीवरून घसरली. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. काळजीचे कारण नाही. ती फोनवर फार बोलू शकणार नाही, तेव्हा करू नकोस.

तुझा दुसरा मसुदाही मला मान्य नाही. स्पष्टच लिहितो. एका मोठ्या घड्याळ कंपनीशी माझे बोलणे चालू आहे. त्यांना निष्कलंक चेहरा हवा आहे. तू गावभर जे सांगत फिरतोस ते त्यांच्यापर्यंत गेले आहे. तेव्हा नुसती रागाची माफी पुरणार नाही. तू लिहून द्यायचे की चेंडू हलला नव्हता, तुला भास झाला. आणि ते १९ तारखेला समारंभात, समितीच्या लोकांसमोर, तू स्वतः वाचून दाखवायचे. त्याच संध्याकाळी मी माफी स्वीकारल्याचे समितीला कळवतो. फेब्रुवारीत तू खेळशील.

एका वाक्याचा प्रश्न आहे. त्याने तुझे काय जाते? उलट मोठेपणाच दिसेल. लोक पडलेल्या फटक्यापेक्षा झुकलेली मान जास्त लक्षात ठेवतात.

१४ जानेवारीपर्यंत मसुदा हवा. नाहीतर माझा नाइलाज होईल.

जितेंद्र


नागपूर,
२८ डिसेंबर २०२४

जितेंद्र,

त्या वाक्याने माझं काय जाते म्हणतोस. जे जायचं ते सगळं समितीने नेलं. पुटर तळ्यात आहे, नाव पेपरात आहे, टूरचं कार्ड जप्त आहे. माझ्याजवळ उरलं काय तर तो अंगठाभर हललेला बॉल. तोही तुला पाहिजे? वाघोबा, बकरी खाल्ली, आता दावंही खाता का?

नाही लिहीत. फेब्रुवारी गेली तर गेली. ताराचंद सेठचे दोन भाऊ आणखी आहेत, त्यांनाही शुगर आहे.

मेघाचं वाचून वाईट वाटलं. पण काहून गा, ती खरंच घसरली, की फरशी हलली? नीट पाहिलं होतंस ना? की तुला भास झाला? रेफरी बोलावला होता का? घरात कॅमेरा नसते, तेव्हा तिथंही तुझाच शब्द अंतिम असन. आणि मग भाकरी कोण थापून राहिलं? तूच थाप. संयमाने थापलेली भाकरी गोल येते.

तिला म्हणावं, दादाने आठवण काढली.

प्रीतम


पुणे,
२ जानेवारी २०२५

दादा,

डाव्या हातानं लिहून राहिली. वाचता नाही आलं तर परत वाच. माझ्या कॉलेजातली माया आठवते नं, ती नाशिकहून इथं कामाले आली होती, तिच्याच हातून हे पत्र टाकून राहिली. उत्तरही तिच्याच नाशिकच्या पत्त्यावर दे, ती माझ्यापर्यंत पोचवन. फोन नको करू. माझा फोन तो पाहते.

फरशी हलली का, रेफरी बोलावला का, हे तू गमतीनं लिहिलं. मले माहीत आहे, गंमत केल्याबिगर तुझं जेवण पचत नाही. त्यानं ते दोनदा वाचलं. मंग मले विचारलं, "तू त्याला काय सांगितलंस?" मी काहीच सांगितलं नव्हतं. पण शब्द खेळाडूचा चालते, मी कुठं खेळाडू आहे?

फरशी कोरडी होती, दादा. तुझं आधीचं पत्र आलं, तोंडाले कुलूप लावल्याबद्दल सन्मान द्या वालं. त्यानं वाचलं, घडी घातली, टेबलावर ठेवलं अन् माझा हात धरला. आवाज तो खरंच चढवत नाही, ते त्यानं खोटं नाही लिहिलं. नंतर म्हणे, मी मारलं नाही, पिरगाळला, अन् मोडायचा माझा हेतू नव्हता. हेतू नसला की दंड नाही. दवाखान्यात डॉक्टरले ओल्या फरशीचं त्यानंच सांगितलं. मी हो म्हटलं.

हे पहिल्यांदा नाही झालं. तुले गवतातला बॉल अंगठाभर सरकलेला दिसला. बघ्यांच्या दोरीच्या पलीकडं मी उभी होती, भर उन्हात पूर्ण बाह्यांचं ब्लाउज घालून. मी नाही दिसली. टोमणा म्हणून नाही लिहून राहिली. थोडासा टोमणाच आहे.

तुले राग आला तर तू पुटर मोडतो, सगळ्यांच्या समोर. म्हणून तू रागीट. तो काय मोडते ते कोणाले दिसत नाही. म्हणून तो सज्जन.

आता ऐक. क्लब घेऊन पुण्याले येऊ नको. तू त्याले मारशील, जेलात जाशील, अन् त्याले आणखी एक सन्मान भेटन. आईले सांगू नको. ती रडन, अन् डोळे पुसून त्यालेच फोन लावन, "जवाईबापू, पोरगी तिखट आहे, सांभाळून घ्या."

एकोणीस तारखेले तो नागपूरले एकटाच येऊन राहिला. मी हाताचं कारण सांगितलं. सकाळच्या विमानानं जाते, संध्याकाळच्या विमानानं परत येते. तेवढ्यात मले निघायचं आहे. मायाच्या होस्टेलात वॉर्डनची जागा आहे, बोलणं पक्कं झालं. तोवर तो खुश राहिला पाहिजे. त्याले पाहिजे ते वाक्य लिहून दे. गोड लिही. तू कडू लिहिलं की कागद तुझा, हात माझा.

ते वाक्य तुले किती जड आहे ते मले माहीत आहे. तरी मागून राहिली.

मेघा


नागपूर,
६ जानेवारी २०२५

मेघा,

पत्र मिळालं. अक्षर वाचता आलं. सगळं वाचता आलं.

वाचून झाल्यावर क्लब उचलून अंगणात गेलो. परत आणून कोपऱ्यात ठेवला. आज शोभाताईंनी नेहमीसारखं विचारलं, राग दहापैकी किती? म्हटलं, शून्य. बाई घाबरल्या. दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का?

पुण्याला येत नाही. आईला सांगत नाही. वाक्य लिहितो. कोऱ्या कागदावर एकदा लिहूनही पाहिलं. तू निघून गेल्यावर मी चौकात उभा राहून खरं ओरडलो तरी माझ्याच सहीचा कागद माझ्यासमोर धरतील. लोक म्हणतील, खेळायला मिळावं म्हणून यानं लिहून दिलं, आणि जवाईबापू तेच सगळ्यांना सांगतील. म्हणू दे. बंदी उठली तर खेळीन. नाही उठली, तू पळालीस म्हणून चिडून त्यानं शब्द फिरवला, तर सेठ आहेतच. यातलं काहीही झालं तरी तू त्यापायी थांबू नको.

संध्याकाळचं विमान त्याला सापडू द्यायचं नाही, ते माझ्याकडे लागलं. आईला एवढंच म्हटलं, जवाई येऊन राहिले. ती आजपासूनच भिवापुरी मिरची निवडत बसली आहे. जेवल्याबिगर ती त्याला पाटावरून उठू देत नाही, आणि ती वाढायला लागली की उरकत नाही, तुला माहीत आहे. बिचारीला कळणारही नाही की तिनं काय केलं.

सामान कमी घे. दागिने आईने घातलेले आहेत, ते घे, ते तुझे आहेत. नाशिकला पोहोचलीस की मायाच्या फोनवरून एक मिस कॉल दे. मी स्टेजवर असलो तरी फोन खिशात असन.

जेलाचं तू बरोबर ओळखलंस.

दादा


नागपूर,
९ जानेवारी २०२५

आदरणीय जवाईबापू,

सप्रेम जयभीम.

तुमची दोन्ही पत्रं काढून पुन्हा शांतपणे वाचली. तुम्ही माझ्या भल्याचं सांगत होता, मला ते कळायला वेळ लागला. शोभाताई म्हणतात, एवढ्या लवकर इतका बदल त्यांनी कोणात पाहिला नाही.

आधी एका गोष्टीची वेगळी माफी मागतो. मागच्या पत्रातली फरशीची थट्टा अगदी मूर्खपणाची होती. जे सुचेल ते लिहायची मला खोड आहे, तुम्ही लहानपणापासून ओळखता. मेघा मला कधी काही कळवत नाही, फोनवर दोन शब्दांपुढे बोलत नाही, हे मी पूर्वीच लिहिलं होतं. तिचा यात काहीही संबंध नाही.

माफीनामा असा केला आहे:

"स्पर्धेच्या अखेरच्या दिवशी सतराव्या होलवर श्री. जितेंद्र गणवीर यांचा चेंडू हलला नव्हता. मला भास झाला. त्या भासाच्या भरात मी त्यांच्यावर आरोप केला, क्लब मोडला, त्यांच्या कार्डावर सही नाकारली आणि त्यांचा हात नाकारला. एवढं होऊनही त्यांनी आवाज चढवला नाही. असा संयम मी दुसऱ्या कोणात पाहिलेला नाही. मी त्यांची, समितीची आणि क्लबची मनापासून माफी मागतो. प्रीतम रामटेके."

एखादा शब्द बदलावासा वाटला तर बदला. 'भास' ऐवजी 'भ्रम' हवा असेल तर तोही चालेल.

एकोणीसला तुम्हाला घ्यायला विमानतळावर मी स्वतः येतो. समारंभानंतर आईने घरी जेवण ठेवलं आहे. मटण सांगितलं आहे, नातेवाईकही बोलावले आहेत. तुम्ही न जेवता गेलात तर तिचा मान जाईल, तेव्हा संध्याकाळच्या विमानाचा हट्ट धरू नका. सकाळचं धरलंत तर तिला फारच आनंद होईल. मेघाची काळजी नसावी. हात दुखत असताना तिला एक दिवस विश्रांतीच मिळेल.

क्लबचे सचिव म्हणत होते, तुमचा सत्कार आधी घेऊ आणि माझं निवेदन शेवटी. मला मान्य आहे. माईक चांगला ठेवायला सांगितला आहे. मागच्या रांगेपर्यंत एक एक शब्द ऐकू गेला पाहिजे.

मी सावकाश वाचीन.

आपला,
प्रीतम